एका खटक्यासाठीं पेठांची प्रदक्षिणा

प्रवासवर्णन लिहावयाचें म्हणजे निदान काशी, रामेश्वर किंवा बदरीनारायण तरी पाहून आलें पाहिजे, असा आपल्याकडे समज आहे. प्रस्तुत लेखकाचा प्रवास सदाशिव पेठेपासून नाना पेठेपर्यंत आणि पुढें मंगळवार पेठेपर्यंत, इतकाच झाला. आणि ज्या वस्तूसाठीं तो झाला ती मुठींत मावेल एवढी आहे. जुन्या मोटारीच्या पुढच्या दिव्यांचा स्विच, आपल्या जुन्या शब्दांत बोलावयाचें तर खटका, बिघडला. तो दुरुस्त करावा कीं टाकून देऊन नवा बसवावा, एवढाच प्रश्न. परंतु त्या प्रश्नामागें लागून चार-पांच पेठा पायांखालून घातल्या, तेव्हां जें कळलें तें ज्यांच्या दारीं जुनें वाहन आहे अशा घरांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख.

आमच्या घरची गाडी १९८४ सालची. ती तीर्थरूपांनीं घेतली. त्या काळीं मोटार घेणें म्हणजे पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहणें. रस्त्यांवर गाड्यांचीं कुळेंही मोजकींच: एक कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, दुसरी मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत बनणारी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिनें इटालियन फियाटच्या धर्तीवर काढलेल्या गाडीस १९७४ पासून पद्मिनी हें नांव मिळालें. अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें, पद्मिनीचें त्याच्याही बरेंच आधीं. आमची गाडी कोणत्या कुळांतली, हें मात्र मी सांगत नाहीं. सुनेच्या हातून दूध उतू गेलें तर तिच्या माहेराचें नांव काढूं नये, ही आमच्या घरची शिस्त. आणि चाळीस वर्षें चाकरी केलेल्या वस्तूच्या बाबतींत तर ती अधिकच पाळली पाहिजे.

२०२३ च्या मार्गशीर्षांत पुतण्या साताऱ्याहून येत होता. बरोबर त्याची पत्नी व तीन वर्षांची मुलगी. कात्रजच्या जुन्या घाटांत अंधार पडला, आणि बोगद्याच्या अलीकडील एका वळणावर पुढचे दोन्ही दिवे एकाएकीं मालवले. त्यानें खटका हालविला, दिवे आले. पुढच्या वळणावर पुन्हां गेले. अखेर गाडी कडेला घेऊन, मागून येणाऱ्या एका मालट्रकास विनवून, त्याच्या उजेडाच्या आधारानें तो घाट उतरला. साडेनऊला गाडी वाड्याच्या दारांत आली तेव्हां वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं वाद सुरू झाला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील बंधु, यांचें म्हणणें, खटका उघडून साफ करावा. चाळीस वर्षें चालला तो आणखी दहा वर्षें चालेल. पुतण्याचें म्हणणें, नवा बसवावा. आणि इतकें करूनही दिवे भरवंशाचे होणार नसतील तर गाडीच भंगारांत द्यावी. शिवाय नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली होती. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षें चालते; पुढें दर ५ वर्षांनीं गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते, आणि त्या तपासणींत दिवे पाहिले जातातच. त्याच ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांची मुदत संपल्यामुळें, निवृत्त झाल्याची बातमी दादांनीं वाचली होती. "भंगार" हा शब्द ऐकून ते कांहीं बोलले नाहींत; पण त्या दिवशीं त्यांनीं ताक-भात घेतला नाहीं. वाद खटक्याचा राहिला नसून गाडी घरांत राहणार कीं जाणार याचा झाला आहे, हें सर्वांस कळून चुकलें.

संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसाकडे अशा वेळीं घरचे लोक शास्त्रार्थ मागतात. मला प्रथम नैयायिक आठवले. वस्त्राचे कांहीं तंतु काढून घेतले कीं पहिलें वस्त्र नष्ट होऊन दुसरेंच "खण्डपट" उत्पन्न होतें, असें ते मानतात. त्यांचें ऐकलें तर टायर बदलल्या दिवशींच तीर्थरूपांची गाडी संपली! व्यवहार मात्र असा चालत नाहीं. देऊळ जीर्ण झालें तर आपण त्याचा जीर्णोद्धार करितों, पाडून दुसरा देव आणीत नाहीं. पण जानवें तुटलें तर त्यास गांठ मारून कोणी वापरीत नाहीं, नवेंच घालतो. म्हणजे शास्त्रांत दोन्ही रीती आहेत. प्रश्न एवढाच कीं खटका हा देवळाच्या जातीचा कीं जानव्याच्या? त्याचें उत्तर पोथींत नव्हतें. तें शोधावयास शनिवारीं मी व पुतण्या पायींच बाहेर पडलों.

वाटेंत विश्रामबागवाडा लागला. १८७९ च्या आगींत ह्या वाड्याचा कांहीं भाग भस्मसात् झाला व लोकवर्गणींतून तो पुन्हां उभा राहिला. अर्थात् ह्या शहरास जुन्या-नव्याचा सांधा जोडण्याचा सराव आजचा नाहीं. तेथून बुधवार पेठेंत शिरलें कीं तपकीर गल्ली. नांव तपकिरीचें, माल सगळा विजेचा. दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें अंग चोरावें अशी दाटी. डोक्यावर झुंबरें, पायांशीं तारांचीं वेटोळीं. येथें खटके पाहावे तितके. पण मोटारीचें नांव काढतांच दुकानदारानें मान हालविली. "गुरुजी, हा घरचा माल. गाडीला चालायचा नाहीं."

कां चालूं नये, याचा खुलासा पुतण्यानें मला चालतां चालतां केला, आणि तो प्रत्येक घरीं माहीत असावा असा आहे. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्टांचा; म्हणून ६० वॅटच्या दिव्यास पाव अँपिअरएवढाच प्रवाह पुरतो. मोटारींत दाब १२ व्होल्टांचा. तेथें तेवढ्याच दिव्यास ५ अँपिअर लागतात, म्हणजे वीसपट. दोन दिवे लागले कीं १० अँपिअरांचा लोंढा त्या इवल्याशा खटक्यांतून वाहतो. शिवाय घरची वीज दिशा बदलणारी. सेकंदास शंभर वेळां ती क्षणभर शून्यावर येते, त्यामुळें खटका बंद करतांना उडणारी ठिणगी आपोआप विझते. गाडीची वीज एकाच दिशेनें वाहणारी. तिची ठिणगी अंमळ रेंगाळते, आणि दर खेपेस धातूचा एक कण जाळून जाते. बाहेरून सारखे दिसणारे दोन खटके आंतून इतके भिन्न असतात.

लक्ष्मी रस्त्यानें पूर्वेकडे चालत गेलें कीं पेठांचा रंग बदलत जातो. साड्या, सोनें, भांडीं हीं मागें पडतात, आणि नाना फडणिसांच्या नांवानें वसलेल्या नाना पेठेंत शिरतांच नाकाला तेलाचा व रबराचा वास येतो. मोटारीच्या सुट्या भागांची ही पुण्यांतील मोठी बाजारपेठ. आठ हात रुंदीच्या दुकानांत छतापर्यंत खोकीं. ग्राहकानें तुटका भाग पुढें करावा आणि दुकानदारानें न पाहतां हात वर करून नेमकें तेंच खोकें काढावें. ही स्मरणशक्ति पाहून मला घनपाठी वैदिकांची आठवण झाली. आमच्या हातचा जुना खटका पाहून एका वृद्ध दुकानदारानें दोन नवे पुढें ठेविले. एक फारच स्वस्त. हातावर घेतला तर पापडासारखा हलका. दुसरा बऱ्यापैकीं, पण त्याच्या आंतल्या पितळी पट्ट्या आमच्या जुन्याहून पातळ. मूळ कारखान्याचा माल येणें केव्हांच बंद झालें होतें.

पुतण्या पैसे काढूं लागला, तों दुकानदारच म्हणाला, "साहेब, आधीं जुना उघडून पाहा. मग लागला तर न्या. नवा कुठें पळून जात नाहीं." मालाची विक्री टाळणारा दुकानदार पाहण्याचा योग क्वचित् येतो. त्यानें त्याच पेठेंतल्या एका बोळांतील मिस्त्रीचा ठिकाणा सांगितला. पण मिस्त्री सोमवारीं भेटणार होते.

मधला रविवार वायां जाऊं नये म्हणून आम्ही जुन्या बाजाराकडे वळलों. मंगळवार पेठेंतला हा बाजार भरतो मात्र बुधवारीं आणि रविवारीं. वारांच्या नांवांच्या पेठांतून राहणाऱ्या पुणेकरास याचें नवल वाटत नाहीं. जातांना कसब्यांतील तांबट आळीवरून गेलों. पेशवाईंत कोंकणांतून आलेल्या तांबटांनीं वसविलेली ही आळी. तांब्यावर ठोके घालून उमटविलेलें मठारकाम ही तिची खूण. ठोक्यांच्या तालांतून पुढें गेलें कीं जुन्या बाजाराचा गलबला ऐकूं येतो. जमिनीवर पसरलेल्या फडक्यांवर काय नाहीं? किल्ली हरवलेलीं कुलपें, काटे हरवलेलीं घड्याळें, आणि एका कोपऱ्यांत मोडीत निघालेल्या मोटारींचे अवयव. त्या ढिगांत अगदीं आमच्यासारखा खटका निघाला. पुतण्या हरखला, पण घांसाघीस करतां करतां त्याच्याच लक्षांत आलें कीं हा खटकाही आमच्याच खटक्याच्या वयाचा. घरचा म्हातारा थकला म्हणून शेजारचा म्हातारा दत्तक घेण्यासारखेंच तें! तरी शंभर रुपयांस घेतला. आंतली एखादी कमान किंवा खिळा उपयोगी पडेल, या हिशेबानें.

सोमवारीं गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलों. वय साठीच्या पुढचें, नाकावर दोऱ्यानें बांधलेला चष्मा. त्यांनीं खटक्यास हातही न लावतां प्रथम दिव्यांच्या मागची, गाडीच्या पत्र्यास जोडलेली अर्थची तार सोडविली, गंज खरवडला व पुन्हां आवळली. "मास्तर, निम्म्या वेळां दोष अर्थचा असतो आणि शिव्या स्विच खातो," ते म्हणाले. मग मीटर लावला. दिवे लावले असतां बॅटरीपाशीं १२.२ व्होल्ट, दिव्यापाशीं १०.८, आणि मधल्या तुटीपैकीं जवळजवळ पुरा एक व्होल्ट एकट्या खटक्यांत मुरत होता. एक व्होल्ट गुणिलें दहा अँपिअर, म्हणजे दहा वॅटची उष्णता नखाएवढ्या जागेंत कोंडली जात होती. दाब बारावा हिस्सा घटला तर अशा तारेच्या दिव्याचा उजेड सुमारें पावपट घटतो. म्हणजे दिवे एकाएकीं गेले असें आम्हांस वाटलें, तरी ते कित्येक महिने हळूहळू मंद होतच आले होते.

मग त्यांनीं खटका उघडला. कड्या वांकवून बसविलेला पत्रा त्यांनीं अगदीं हळूं हळूं उचलला. ह्या कड्या दोन-तीन वेळांहून अधिक वांकविल्या तर तुटतात. आंत पॉइंट काळेठिक्कर पडलेले. वळणावर गाडीस हिसका बसला कीं त्या काजळीवरून जोड सुटत असे. पुतण्यानें खिशांतून पॉलिश पेपर काढला, तो मिस्त्रींनीं बाजूला सारला. "घरांत तांब्याच्या भांड्याला कल्हई असते ना? ती वाळूनें घांसाल तर काय राहील? पॉइंटवरही तसाच पातळ थर असतो. घांसला कीं चार दिवस बरें चालतें, मग दुप्पट जळतें." त्यांनीं स्पिरिटमध्यें बोळा भिजवून, जुन्या दांतघांशीच्या केसांनीं काजळी सोडविली, एक टणक पुटकुळी तेवढी बारीक कानशीच्या एका हातानें उतरविली.

आणि मग त्यांनीं आमच्या वादाचा निकाल तीन वाक्यांत दिला. "मी तीन गोष्टी बघतों. कमान मऊ पडलीय का, अंगाला तडा गेलाय का, आणि पॉइंट नुसता मळलाय कीं खाऊन गेलाय. मळ काढतां येतो. पण कमानीचा ताठा एकदां गेला कीं तो मला काय, कोणालाच परत घालतां येत नाहीं." पितळेची कमान तापून तापून मऊ झाली कीं वांकवून तात्पुरती ताठ दिसते, पण तिचा दाब टिकत नाहीं, आणि खटक्याचें बेकेलाइटचें अंग एकदां तडकलें कीं सांधत नाहीं, कारण हा पदार्थ लाखेसारखा वितळवून पुन्हां ओततां येत नाहीं. हे दोन दोष असते तर मिस्त्रींनीं दुरुस्तीस हात लाविला नसता. आमच्या खटक्याची कमान शाबूत होती, अंग अखंड होतें. दोष मळाचा होता. म्हणजे दादा खरे ठरले काय?

नाहीं, कारण पुतण्यानें विचारलें, "पण मिस्त्री, हा पुन्हां काळा पडणार नाहीं कशावरून?" मिस्त्री हंसले. "पडणारच. चाळीस वर्षांचा झाला, आणि भार तोच." मग त्यांनीं जें सुचविलें तें न दादांच्या पक्षाचें होतें, न पुतण्याच्या. रिले म्हणून एक लहानशी डबी असते. तींत तारेचें वेटोळें व एक वेगळा, दणकट पॉइंट असतो. खटक्यानें त्या वेटोळ्यास पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह द्यावयाचा. त्यानें उत्पन्न झालेलें चुंबक दणकट पॉइंट ओढून धरतें, आणि दहा अँपिअरांचा लोंढा बॅटरीपासून जाड तारेनें, फ्यूजमधून, थेट दिव्यांकडे जातो. खटका जागचा हालत नाहीं, त्याची हुकमत जात नाहीं. त्याच्या अंगावरचें ओझें तेवढें उतरतें. जवळच्या दिव्यांस एक, दूरच्यांस एक, असे दोन रिले त्यांनीं बसविले. एक बिघडला तरी दुसरा उरावा, हा त्यांतला हेतु. पुन्हां मीटर लाविला तों दिव्यापाशीं ११.९ व्होल्ट! जुन्या बाजारांतला दत्तक खटका तसाच पिशवींत राहिला.

काम चालू असतां मीं विचारलें, हल्लीं सगळे नवाच कां बसवितात? ते म्हणाले, "नवा चांगला म्हणून नव्हे, मास्तर. उघडणारा माणूस राहिला नाहीं म्हणून. माझीं पोरें नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर वाचतात, चांगलें कमावतात. स्विच उघडायला बसलं तर दीड तास जातो, तेवढ्यांत तीन गाड्या होतात." यांत तक्रार नव्हती, हिशेब होता. मजुरी महागली आणि वस्तु स्वस्त झाली कीं दुरुस्ती आपोआप मागें पडते. मग वस्तु मरण्याच्या आधीं तिची विद्या मरते. नाना पेठेंतल्या त्या बोळांत मला ह्याचीच धास्ती वाटली. खटका नवा मिळेल. खटका केव्हां टाकावा आणि केव्हां राखावा हें बोटांनीं ओळखणारा माणूस खोक्यांत भरून मिळत नाहीं.

चार दिवसांनीं दादा व पुतण्या, दोघेच, रात्रीं जुन्या कात्रज घाटानें जाऊन आले. पुतण्यानें नाना पेठेंतला तो बरा नवा खटका आणून गाडीच्या कप्प्यांत ठेविला आहे. दादांनीं त्यास हरकत घेतली नाहीं. पुढें नोंदणीचें नूतनीकरणही झालें.

आतां शास्त्रार्थ सांगावयास हरकत नाहीं. वस्तु आवडती आहे म्हणून राखणें, किंवा जुनी आहे म्हणून टाकणें, हे दोन्ही निर्णय वस्तूकडे न पाहतां केलेले असतात. आधीं उघडून पाहावें. मळ असेल तर काढावा. ताठा गेला असेल तर मोह धरूं नये, कारण दिव्यांच्या खटक्यावर केवळ आपला नव्हे, समोरून येणाऱ्याचाही जीव अवलंबून असतो. तेथें तो जानव्याच्या जातीचा. आणि ताठा शाबूत असूनही वय झालें असेल, तर त्याच्यावरचा भार दुसऱ्या खांद्यावर द्यावा. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस ही तिसरी रीत नवी नाहीं. घरच्या वडील माणसानें शब्द टाकावा आणि तरुणांनीं ओझें उचलावें, अशी व्यवस्था जेथें आहे तेथें कोणाचें स्थानही जात नाहीं व कोणाची कंबरही मोडत नाहीं. भार तसाच ठेवून वडिलांचा मान राखूं पाहणारें घर, आणि भार पेलत नाहीं म्हणून त्यांना कोपऱ्यांत बसविणारें घर, हीं दोन्ही एकाच चुकीचीं दोन टोकें होत.

असो. ज्यांच्या दारीं जुनी गाडी आहे त्यांस एवढीच विनंति कीं दिवे लावून दहा मिनिटांनीं खटक्यास हात लावून पाहावा. तो गरम लागत असेल, त्याचा "खट्" असा आवाज बोथट झाला असेल, किंवा जळका वास येत असेल, तर घाटाची वाट न पाहतां दिवसाउजेडीं एखाद्या जाणत्या मिस्त्रीस गांठावें. आणि तो खटका उघडीत असतां घरांतील एखाद्या मुलास शेजारीं उभें करावें.